न दिसणारा कर्ता : इंग्रजीतील इन्फिनिटिव्ह

इंग्रजी क्रियापदाच्या ज्या रूपाला पुरुष आणि वचन यांचे बंधन नसते, ते इन्फिनिटिव्ह. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच ‘अमर्याद’. संस्कृत शिकलेल्याला ‘गन्तुम्’, ‘कर्तुम्’ ही हेत्वर्थक तुमन्ते आठवतील. मात्र इंग्रजी रूपाचा संसार त्यांच्यापेक्षा बराच मोठा आहे.

‘टू’ हा या रूपाचा अवयवच आहे, ही शाळेत पक्की झालेली समजूत अर्धीच खरी. जुन्या इंग्रजीत ‘पिणे’ यासाठी ‘द्रिंकन’ हे एकसंध रूप होते आणि शेवटचा ‘अन’ हीच त्याची खूण होती. ‘टू’ हे वेगळे अव्यय. ते ‘टू द्रिंकेन्ने’ अशा चतुर्थीच्या रूपाआधी येई आणि बहुधा हेतू सांगे. पुढे शेवटचे प्रत्यय झिजून गेले आणि खूण म्हणून ‘टू’ उरला. ‘कॅन’, ‘मस्ट’ यांच्यापुढे तो आजही येत नाही, कारण तिथे जुने बिनटूचे रूपच टिकले. ‘दे मेड हिम वेट’ यातही तो नाही. पण कर्मणी प्रयोग केला की ‘ही वॉज मेड टू वेट’ असा तो हजर होतो. ‘हेल्प’ला दोन्ही चालते.

इन्फिनिटिव्हला कर्म, क्रियाविशेषण जोडले की पदबंध होतो. तो वाक्यात नामाचे, विशेषणाचे किंवा क्रियाविशेषणाचे काम करतो. एवढे कोणतेही पाठ्यपुस्तक सांगते. खरी गंमत त्याच्या कर्त्यात आहे. तो दिसत नाही, पण असतो. ‘आय टोल्ड हिम टू गो’ यात जाणारा ‘तो’. ‘आय प्रॉमिस्ड हिम टू गो’ यात जाणारा ‘मी’. शब्दांची मांडणी तीच, कर्ता मात्र मुख्य क्रियापद ठरवते. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी 1960च्या दशकात गाजवलेली जोडी याहून चकवणारी आहे: ‘जॉन इज ईगर टू प्लीज’ आणि ‘जॉन इज ईझी टू प्लीज’. पहिल्यात जॉन खूश करणारा, दुसऱ्यात खूश होणारा. मराठी इथे फसत नाही. ‘जॉन खूश करायला उत्सुक आहे’ आणि ‘जॉनला खूश करणे सोपे आहे’. एका ‘ला’ने सगळा उलगडा होतो.

कर्ता वेगळा असला की मराठी वाट बदलते. ‘मला यायचे आहे’ आणि ‘तू यावेस असे मला वाटते’ यांची घडण निराळी; इंग्रजीत दोन्हीकडे इन्फिनिटिव्हच, ‘आय वॉन्ट टू कम’ आणि ‘आय वॉन्ट यू टू कम’. मराठी विद्यार्थी ‘आय वॉन्ट दॅट यू कम’ लिहितो, तेव्हा तो आपल्या ‘असे’चेच भाषांतर करत असतो. ही चूक आळसाची नाही, आणि लाल शाईने ती सुटतही नाही.

इन्फिनिटिव्हऐवजी ‘इंग’चे रूप घेतले की कधी अर्थही बदलतो. ‘ही स्टॉप्ड टू स्मोक’ म्हणजे सिगारेट ओढायला थांबला. ‘स्टॉप्ड स्मोकिंग’ म्हणजे ओढणे सोडले. ‘रिमेंबर टू लॉक’ पुढच्या कामाची आठवण ठेवते, ‘रिमेंबर लॉकिंग’ झालेल्या कामाची. ‘टू’चा जुना, पुढे बोट दाखवणारा अर्थ अशा ठिकाणी अजून जागा आहे.

‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालू नये, या दंडकाचा मात्र उगाच बाऊ झाला. इंग्रज धर्मगुरू हेन्री अल्फर्ड यांनी 1864मध्ये अशा फोडीला नाके मुरडली. 1926मध्ये कोशकार फाउलर यांनी आंधळ्या बंदीची खिल्ली उडवली. इंग्रजीत मुळात दोन शब्द आहेत, त्यांच्यामध्ये तिसरा शिरला तर बिघडत काही नाही.

उरतो एक चकवा. ‘लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’ यातला ‘टू’ इन्फिनिटिव्हचा नव्हे, साधे शब्दयोगी अव्यय आहे. म्हणून पुढे ‘मीट’ चालत नाही. शंका आली की क्रियापदाच्या जागी नाम ठेवून पाहावे. ‘लुक फॉरवर्ड टू दिवाळी’ जमते, ‘वॉन्ट टू दिवाळी’ जमत नाही.