हातांनी पळणारी सायकल

15 सप्टेंबर 2001. जर्मनीतल्या लाउझित्सरिंग ट्रॅकवरच्या अपघातात इटलीचे मोटारशर्यतपटू ॲलेक्स झानार्डी यांनी दोन्ही पाय गमावले. पुढे त्यांच्या हाती आली हँडसायकल.

ही तीन चाकांची, जमिनीलगत बसकी सायकल. पेडल छातीसमोर असतात आणि दोन्ही हातांनी एकाच वेळी फिरवायचे. गिअर, ब्रेक हाताशीच. झानार्डी गुडघ्यांवर बसल्यासारखे पुढे झुकून चालवत, म्हणजे खांद्यांसोबत पाठ आणि पोटही जोर लावतं. आपल्या रस्त्यांवरची हाताने चालवायची तीनचाकी गरजेची आहेच, पण हिला वेगाची ओढ आहे!

कृत्रिम पायाने लांब चाललं की खोबणीत उरलेला पाय घासतो, दुखतो. हँडसायकलवर तो भार उरत नाही. उतारावर वारा कानांत घुमतो, चढावर दंड भरून येतात, आणि कुठवर जायचं ते आपणच ठरवतो. हा आनंद मला पदकांहून मोठा वाटतो.

पदकंही आलीच. 2012च्या लंडन पॅरालिम्पिकमध्ये, ज्या ब्रँड्स हॅच ट्रॅकवर त्यांनी पूर्वी मोटार पळवली होती, तिथेच झानार्डींनी दोन सुवर्ण आणि एक रौप्य जिंकलं. 2016 साली रिओमध्ये पुन्हा तेवढीच.