आजार तिचा नाही

आपल्या सल्लाकेंद्रात एखादी मुलगी येते. तिचे प्रेम मैत्रिणीवर असते. घरचे तिला आधी डॉक्टरकडे नेतात, मग बोहल्यावर चढवू पाहतात.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ती ‘बदलण्याचे’ उपचार म्हणजे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये बजावले. पुण्यात समपथिक ट्रस्टने २००२ पासून या प्रश्नावर काम उभे केले.

मुलीचे मन खचते ते घरच्या धाकाने. सक्तीचे लग्न ही हिंसाच. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा माहेरच्या छळालाही लागू होतो. म्हणून तिच्या संमतीशिवाय घरी कळवू नका, समेट लादू नका. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, हे सरळ विचारा. आपणही दार लावून घेतले, तर तिने जायचे कुठे?