परस्परावलंबनाचे अर्थशास्त्र : स्वागताध्यक्षीय भाषण



 भांडवलशाही अर्थव्यवस्थेचा विचार जटिल व्यवस्थांच्या, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या असंख्य घटकांच्या, शास्त्राच्या आधारे करू इच्छिणाऱ्या या परिषदेला मुंबईइतके समर्पक स्थान क्वचितच लाभेल.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि आपल्या कापसाच्या मोबदल्यात या शहरात जो पैसा लोटला, त्याच्या जोरावर बँका आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या भराभर उभ्या राहिल्या. त्यांपैकी बॅक बे कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० रुपयांवर गेला. बँक ऑफ बॉम्बे शेअरांच्या तारणावर कर्ज देई. त्या कर्जातून नवी खरेदी होई, खरेदीने भाव चढे, आणि चढत्या भावामुळे तेच तारण आणखी मोठ्या कर्जास पुरे. १८६५ साली युद्धसमाप्तीची वार्ता येताच हे चक्र उलटे फिरले, आणि वायदेपूर्तीच्या दिवशी, १ जुलै रोजी, प्रत्येकाचे देणे दुसऱ्याच्या येण्यावर टेकलेले असल्यामुळे पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या.

या अनर्थाचे खापर पुष्कळांनी त्या काळचे बडे सट्टेबाज प्रेमचंद रायचंद यांच्या माथी फोडले. तथापि एकट्याच्या लोभाने एवढा विध्वंस होत नाही. व्यवहारांची परस्परगुंफणच त्याला वाट करून देते. शिवाय अशा उलथापालथी अपवादात्मकही नसतात: १९६३ साली गणितज्ञ बेन्वा मांडेलब्रो यांनी कापसाच्याच भावांची परीक्षा करून दाखवले की, प्रचंड चढउतार रूढ गणिताच्या अपेक्षेहून फार अधिक वेळा घडतात. आणि १९८७ साली अमेरिकेतील सांता फे येथे अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो व पदार्थवैज्ञानिक फिलिप अँडरसन यांच्या पुढाकाराने या दोन्ही शास्त्रांतील विद्वान याच प्रश्नांचा विचार करण्यास एकत्र बसले.

१८६५ च्या त्या अनर्थात वऱ्हाड-खानदेशच्या ज्या कास्तकाराने शेअरचा कागदही पाहिला नव्हता, त्यालाही कापसाचे भाव उतरल्याची झळ सोसावी लागली, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. म्हणूनच प्रत्येक पेढीचा ताळेबंद सुटा तपासून भागणार नाही. कोणाचे देणे कोणावर अवलंबून आहे, याचीही नोंद सरकारदफ्तरी असली पाहिजे, आणि ती कशी वाचावी हे जटिल व्यवस्थांच्या शास्त्राने शिकवले पाहिजे.

या कार्यास आपल्या विचारविनिमयाने बळ येवो, अशी इच्छा व्यक्त करून, परिषदेचे कामकाज सुरू करण्याची मी अध्यक्षमहाराजांना विनंती करतो.