व्यवस्थापक नेमला, पण घडवला का?

(मुंबईच्या अभ्यास-सहलीवर आलेल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांपुढे दादर येथे दिलेले व्याख्यान)



आज पहाटे आपण दादरचा फुलबाजार पाहिला. उजाडायच्या आत आलेल्या झेंडूचा भाव आणि उजाडल्यावर आलेल्या झेंडूचा भाव यांतला फरकही पाहिला. दुपारी आपण परळ, लालबागवरून जाऊ. तेथे उंच इमारतींच्या मधून एखादे जुने धुराडे दिसेल. तुमच्यापैकी कित्येकांचे आजोबा, चुलते त्या गिरण्यांत साच्यावर उभे राहिले असतील. शेतकऱ्यांच्या सहलीत गिरण्यांचे काय काम, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, उत्पादन उत्तम आणि कारभार मागासलेला असला म्हणजे काय होते, हे गिरणगावाइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

गिरण्या कशाने खचल्या?

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. पुष्कळ गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्या नाहीत आणि हजारो कुटुंबांची चूल विझली. परंतु सगळा दोष संपावर टाकणे बरोबर नाही. यंत्रे जुनी झाली होती. भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागांवर कापड स्वस्तात निघत होते. कृत्रिम धाग्याचे कापड लोकांना आवडू लागले होते. बाहेर हे बदल होत असताना अनेक गिरण्यांचा कारभार मात्र जुन्याच पद्धतीने चालू होता.

मोबदला कशावर?

मुंबईच्या सुरुवातीच्या बऱ्याच गिरण्यांत कारभार पाहणाऱ्या मॅनेजिंग एजंटांना तयार सुताच्या दर पौंडामागे पाव आणा कमिशन मिळत असे. नफा होवो की तोटा, एजंटाचा पाव आणा ठरलेला. साहजिकच सूत खपो न खपो, चाती फिरत राहत. पुढे जमशेटजी टाटांसारख्या मालकांनी हे कमिशन नफ्यावर बांधले.

आपण आज काय करतो? व्यवस्थापकाने किती टन माल गोळा केला एवढेच विचारतो. मग तो टनच गोळा करील! सभासदाच्या हातात किलोमागे किती रुपये पडले, किती माल नापसंत झाला, हे विचारले तर त्याचे लक्ष तेथे जाईल.

फाटकाबाहेर पाहणारा माणूस

टाटांनी १८७७ साली नागपूरची एम्प्रेस मिल सुरू केली आणि तिचा कारभार बेझनजी मेहता यांच्याकडे सोपविला. मेहता हे कापड उद्योगातले नव्हते, रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले होते. तांत्रिक बाजू सांभाळायला वेगळा जाणकार होता. विलायती यंत्र-कारखानदार रिंग चात्यांबद्दल साशंक होते, तेव्हा या गिरणीने त्या स्वतः चालवून पाहिल्या. यंत्राचे ज्ञान आणि कारभाराचे ज्ञान ही दोन वेगळी कामे आहेत, हे टाटांनी ओळखले होते.

याच्या उलट चीनच्या बाजाराची गोष्ट. मुंबईचे सूत तेथे भरपूर खपत असे. १८९३ मध्ये मुंबई ते कोबे अशी जहाजे सुरू झाली आणि आपला कापूस जपानच्या गिरण्यांत जाऊ लागला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास चीनच्या सूतबाजारात जपानने मुंबईला मागे टाकले. कापूस आपला, पण कमाई त्यांची झाली.

शिक्षणाचेही तसेच. माटुंग्याच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेची स्थापना १८८७ ची. व्यवस्थापन शिकविणारी मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था चर्चगेटला निघाली ती १९६५ साली. म्हणजे मध्ये ७८ वर्षे गेली.

आपल्या शेतातला अनुभव

२०१० च्या हंगामात आपली द्राक्षे युरोपात अडकली. कारण क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले. बागाईतदाराने वर्षभर राबून पिकविलेला माल एका तपासणी-अहवालाने थांबला. अशी मर्यादा छाटणीपूर्वी माहीत करून घेऊन सभासदांपर्यंत पोहोचविणे हे व्यवस्थापकाचे काम आहे. या धंद्यातील चटके सोसलेले, राहुरीच्या विद्यापीठात शिकलेले श्री. विलास शिंदे यांच्या पुढाकाराने मोहाडीला सह्याद्री फार्म्स उभी राहिली, हेही लक्षात ठेवा.

कापसाचे पाहा. २०२१ मध्ये आयात कापसावर ११ टक्के शुल्क लागले आणि २०२२ मध्ये काही महिने ते माफ झाले. दिल्लीत निघालेला असा आदेश यवतमाळच्या शेतकऱ्याच्या हिशेबात घुसतो. तो वाचणारा माणूस आपल्या कंपनीत हवा.

व्यवस्थापक कसा घडवावा?

कायद्याने उत्पादक कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावाच लागतो आणि तो सभासदांपैकी नसावा लागतो. २०२० च्या केंद्रीय योजनेत तीन वर्षांसाठी १८ लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठरले, तेही मुख्यतः पगार व कार्यालय खर्चासाठी. परंतु साहाय्य संपल्यावर तो माणूस आपल्या बळावर टिकला पाहिजे. त्यासाठी :

१. पहिला हंगाम त्याला बाजारात पाठवा. दादर, वाशी येथे माल उतरण्यापासून पट्टी हातात पडेपर्यंत त्याने सोबत राहावे.

२. हिशेब शिकवा. दरमहा जमाखर्च आणि येणे-देणे संचालकांपुढे त्यानेच मांडावे.

३. मालाची प्रतवारी, अंश-मर्यादा आणि आयात-निर्यातीचे आदेश यांची वही ठेवायला लावा. हंगामापूर्वी त्यातले मुद्दे सभासदांना वाचून दाखवावेत.

४. वर्षातून एकदा पुण्याच्या वैकुंठ मेहता संस्थेसारख्या ठिकाणी प्रशिक्षणाला पाठवा. संचालकांपैकीही एकाने सोबत जावे.

५. अधिकार ठरवून द्या. किती रुपयांपर्यंतचा सौदा तो स्वतः करील, हे ठरावात लिहा. पहाटे चारला भाव ठरतो, तेव्हा अध्यक्षांना उठवून परवानगी मागायला वेळ नसतो.

यातले शेवटचे सर्वांत अवघड आहे. कारण तेथे शिकायचे असते ते संचालकांना. आपल्या भाच्याला नेमून, प्रत्येक पोत्याला त्याने आपल्याला विचारावे अशी अपेक्षा धरली तर कोणतेही प्रशिक्षण कामी येणार नाही.

परत गेल्यावर संचालक मंडळाच्या पहिल्याच बैठकीत दोन प्रश्न विषयपत्रिकेवर घ्या. आपल्या व्यवस्थापकाचा मोबदला कशावर बांधला आहे? आणि येत्या वर्षात तो काय शिकणार आहे? या दोन्हींची उत्तरे इतिवृत्तात लिहून ठेवा आणि वर्षाने सर्वसाधारण सभेपुढे वाचून दाखवा. आपल्या कंपनीत शेकडो घरांचे भागभांडवल आहे. ते ज्याच्या हाती दिले, त्याला तयार करणे हेही मशागतीचेच काम आहे.