मला आवडलेली व नावडलेली पुस्तके



धम्मदीक्षा घेतलेल्या घरात कोणती पुस्तके असावीत, असे शहापूर-मुरबाडकडील काही कुटुंबांनी मजला विचारले. मी विद्वान नव्हे. एक वाचक म्हणून माझी आवडनिवड सांगतो.

बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा इंग्रजी ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याचे मराठी भाषांतर आपल्या पुष्कळ घरांत आहे, पण रेशमी फडक्यात गुंडाळलेले! वृद्ध, आजारी व प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही परंपरागत कथा बुद्धीला पटत नाही, असे बाबासाहेब आरंभीच म्हणतात. एवढ्या जुन्या कथेस ज्यांनी प्रश्न विचारला, त्यांच्या ग्रंथास आपण न वाचता हळदकुंकू वाहावे, हे विपरीत होय.

नावडलेले पुस्तक म्हणजे त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' (१९१५). गावाची इतकी बारीक पाहणी मराठीत क्वचितच झाली असेल. परंतु त्यात महार बोलत नाही, त्याजविषयी बोलले जाते. त्याची कामे व हक्क मोजले जातात; त्याच्या चुलीवर त्या रात्री काय शिजले, हे कळत नाही. ग्रंथ कचेरीच्या खुर्चीतून गाव पाहतो. तरीही तो वाचावा.

ती उणीव दया पवार यांच्या 'बलुतं'ने १९७८ साली भरून काढली. लेखक सह्याद्रीपलीकडील अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. महारकीची कामे, मुंबईच्या कावाखान्यातील दाटी, हे सारे आपल्याच वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्यासारखे वाटते. कित्येक ज्येष्ठ मंडळी विचारतात, घरची लक्तरे वेशीवर कशाला टांगावी? त्यांचे दुःख मी जाणतो. परंतु ती लक्तरे आपल्या अंगावर कोणी चढविली, याची साक्ष आपण दिली नाही, तर 'गावगाडा'च तेवढा पुरावा उरेल.

मात्र 'बलुतं'मधील स्त्रिया मला पुरुषाच्या नजरेतूनच दिसतात. म्हणून भगिनींनो, फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) आधी वाचा. त्यांनी ते अनेक वर्षे घरच्यांच्या नकळत लिहिले. अस्पृश्यता सोसणाऱ्या घरातच सुनेचा छळ कसा होई, हे त्या झाकून ठेवीत नाहीत. ती पाने मुलीने वाचू नयेत, असे एक गृहस्थ मजला म्हणाले. तिने तीच पाने आधी वाचावीत, असे मी त्यांना सांगितले. माझ्याजवळ एकच प्रत आहे. किन्हवलीची मंडळी असोत वा धसईची, ज्यांस हवी त्यांनी न्यावी. वाचून परत मात्र आणावी.