खुब्याचं दुखणं आणि पायी वारी

(दिंडीच्या शताब्दी वर्षात, चैत्री वारीला पंढरपूरच्या मठात झालेलं भाषण)



आम्ही दोघं नवरा-बायको फिजिओथेरपीचं काम करतो. व्यायाम देऊन माणसाला चालतं करायचं, हाच आमचा धंदा. दिवसा दिंडीत चालतो आणि संध्याकाळी तळावर तुमचे पाय बघतो. तळव्याचे फोड, पोटरीत गोळे, गुडघे, हे तर रोजचंच. आज खुब्याबद्दल बोलायचं, कारण ते दुखणं लपून बसतं. माणूस सांगतो कंबर, नाहीतर मांडी, नाहीतर गुडघा, आणि खराब झालेला असतो खुबा.

ओळखायचं कसं? खुब्याचं दुखणं बहुधा जांघेत जाणवतं आणि मांडीच्या पुढून खाली उतरतं. पायाची नखं काढायला पाय जवळ येत नाही. कीर्तनात मांडी घालून बसता येत नाही. आणि आपल्या वारकऱ्यांची खास खूण म्हणजे समोरच्याच्या पाया पडायला वाकता येत नाही. मग माणूस लांबूनच हात जोडतो, आणि लोकांना वाटतं, याला गर्व आला.

खुबा म्हणजे शाळेच्या पुस्तकातला उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा ओटीपोटाच्या हाडाच्या वाटीत फिरतो. दोघांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. वय, वजन, जुना मार, जन्मापासूनची वाटीची ठेवण, अशा कारणांनी हा थर विरत जातो, सांधा आखडतो, कडेला हाड वाढतं. ही झीज व्यायामानं भरून येत नाही, हे आधीच सांगतो. फोटो तसाच राहतो. बदलतं ते दुखणं, आणि चालणं.

आता आमची चूक. आपल्या दिंडीतले एक विणेकरी नाना आहेत. नाव घेत नाही, ते समोरच बसलेत आणि ‘सांगा, पण नाव घेऊ नका’ असं त्यांनीच बजावलंय. काही वर्षांपूर्वी सासवडच्या तळावर ते आमच्याकडे आले. पुण्याहून दिवेघाट चढून आलेले, उजवा पाय ओढत. फोटो पाहून आम्ही सांगून टाकलं, ‘नाना, आता आराम करा. पायी वारी बस्स.’ नानांनी ऐकलं. वर्षभर घरात खुर्चीवर बसले. पुढल्या वर्षी भेटले ते वजन वाढलेलं, उजवी मांडी डावीपेक्षा बारीक झालेली, आणि दुखणं पहिल्यापेक्षा जास्त. वीणा भिंतीला टांगलेली. त्यांच्या मंडळींनी आम्हाला एवढंच विचारलं, ‘आरामानं बरं होणार होतं ना?’ आमच्याकडे उत्तर नव्हतं.

आरामानं का बिघडलं, ते बघा. कूर्चेला रक्तवाहिनी नाही. सांध्यातल्या वंगणावर ती जगते, आणि ते वंगण तिच्यात आत-बाहेर होतं सांधा हलला तरच. दुसरं, खुब्याला सावरतात ते कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू. आपण एक पाय उचलतो तेव्हा उभ्या पायाच्या खुब्यावर अंगाच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. साठ किलोच्या माणसाला दीडशेच्या वर! एका पायावर अंग तोलायला त्या स्नायूला जोरानं ओढावं लागतं, म्हणून. तो थकला की कंबर एकीकडे कलते, माणूस झुकत चालतो. नाना चालायचे तसं.

कोणी म्हणेल, मग वारी चाललो की झाला व्यायाम. नाही हो. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर आहे. दुबळ्या स्नायूंनी ते चालणं म्हणजे न मळलेला बैल थेट नांगराला जुंपणं. आधी ताकद, मग वाट.

नानांना आम्ही दिलं ते काही जगावेगळं नव्हतं. उताणं झोपून गुडघे वाकवायचे आणि कंबर वर उचलून पाच अंक मोजायचे. मग चांगल्या कुशीवर झोपून दुखरा पाय सरळ वर. पाय पुढं जाऊ द्यायचा नाही, चवडा आभाळाकडे वळू द्यायचा नाही. इथंच सगळे लबाडी करतात, नानांनीही केली. तिसरं, ओट्यावरून किंवा उंच खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळा, एक दिवसाआड. रोज मात्र दहा मिनिटं पालथं पडून राहायचं, म्हणजे बसून बसून आखडलेली जांघ मोकळी होते. आणि चालणं, सुरुवातीला पंधराच मिनिटं, देवळापर्यंत आणि परत.

दुखलं तर? थोडं दुखणारच. सोसवेल इतकं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यासारखं झालं, तर चालू ठेवा. सकाळी जास्त वाटलं तर निम्मं करा, बंद करू नका. पहिल्या तीन आठवड्यांत नानांना काहीच फरक वाटला नाही आणि त्यांनी आम्हाला चार शब्दही ऐकवले. सातव्या-आठव्या आठवड्यात एक दिवस ते चप्पल उभ्यानं घालून बाहेर आले. त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं, सूनबाईंनी दाखवलं.

काठीवरून मात्र मोठं भांडण झालं. काठी दुखऱ्या बाजूला नाही, उलट्या हातात धरायची. उजवा खुबा दुखतो तर डाव्या हातात. धोंडा उचलताना पहार लांबून धरली की जोर कमी लागतो, तसंच हे. उंची मनगटाच्या रेषेइतकी, खाली रबर. नाना म्हणाले, ‘मग वीणा काय डोक्यावर घेऊ?’ आमच्यातल्याच एकानं सुचवलं, पताकेची काठी टेका. ती तर खांद्यावर! शेवटी विणेकऱ्यांनी आपसात ठरवलं. घाट आणि उतार आला की वीणा दुसऱ्याच्या गळ्यात, नानांच्या हातात काठी. सपाटीला वीणा परत. आणि पायऱ्या आल्या तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.

दोन गोष्टी कडक शब्दांत सांगतो. तळावर कोणी पुडी देतं, ‘एका दिवसात पाय मोकळा’ म्हणतं. घेऊ नका. अशा काही पुड्यांमध्ये स्टेरॉईड मिसळलेलं सापडलं आहे, आणि स्टेरॉईडनं खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटू शकतो. दारूनंही तेच होतं. तिशी-चाळिशीतल्या पोरांचा खुबा असा बसतो. हा रोग झिजेपेक्षा वेगळा. तरण्या माणसाची जांघ दुखत राहिली तर आमचे व्यायाम करत बसू नका, आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. आणि दुखण्याच्या गोळ्या उन्हात, पाणी कमी पिऊन रोज खाल्ल्या तर मूत्रपिंडं धोक्यात येतात. बीपी-शुगरवाल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातच लावू नये. पडल्यावर पाय टेकवेना, किंवा दुखण्याबरोबर ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना.

तीन महिने नीट व्यायाम करूनही रात्रीची झोप लागत नसेल, तर सांधा बदलण्याचा विचार करायला हरकत नाही. त्यात हार मानण्यासारखं काही नाही. व्यायाम मात्र त्यानंतरही सुटत नाही.

नाना पुढच्या वारीला सगळे टप्पे चालले नाहीत. दोन दिवस त्यांनी ट्रकमध्ये काढले, आणि त्यावरही रुसले. पण वाखरीच्या तळावर वीणा परत घेताना ते समोरच्याच्या पाया पडायला वाकले. हात पायापर्यंत पोचला नाही, गुडघ्याशीच थांबला. समोरच्या पोरानं मग त्यांचाच हात धरून आपल्या कपाळाला लावला.

आज चैत्र शुद्ध एकादशी. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माऊलींचं प्रस्थान. मधे दहा आठवडे आहेत, आणि ताकद यायला साधारण तेवढेच लागतात. उद्या काकडा झाला की सभामंडपात सतरंज्या टाकून आम्ही बसणार आहोत. ज्यांची जांघ दुखते त्यांनी यावं, आपली काठी घेऊन यावं, उंची तिथंच कापून देऊ. नाना पहिले झोपून दाखवणार आहेत.

राम कृष्ण हरी.