गोडी किती पोटात गेली? मूत्रपरीक्षेची साक्ष



चहात साखरेऐवजी टाकायची सॅकरीनची गोळी मधुमेही माणसाच्या घरात नवी नाही. सॅकरीनचा शोध १८७९ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत लागला. पुढे सायक्लेमेट, ॲस्पार्टेम, ॲसिसल्फेम-के, सुक्रालोज आणि स्टीव्हियाच्या पानांतील गोड द्रव्ये यांची भर पडली. अत्यल्प उष्मांकाची ही द्रव्ये आता शीतपेये, च्युइंगगम आणि औषधी सिरप यांतूनही पोटात जातात. परंतु एक माणूस दिवसाकाठी त्यांचे नेमके किती सेवन करतो, हे सांगणे कठीण आहे.

आहाराची पाहणी बहुधा विचारपूस करून होते. माणसे विसरतात, काही वेळा कमी सांगतात. वेष्टनावर द्रव्याचे नाव असले तरी त्याचे प्रमाण बहुधा नसते. शिवाय एकाच पेयात दोन-तीन द्रव्ये मिसळलेली असतात.

यावर शास्त्रज्ञांनी काढलेला मार्ग म्हणजे मूत्रपरीक्षा. ॲसिसल्फेम-के जवळजवळ संपूर्ण आणि सॅकरीन बव्हंशी आहे त्याच स्वरूपात मूत्रावाटे बाहेर पडते. सुक्रालोजचा थोडाच भाग शरीरात शोषला जातो. तरीही तो मूत्रात ओळखता येतो. स्टीव्हियातील द्रव्यांची शरीरात रूपांतरित झालेली खूणही तेथे सापडते. उत्तर आयर्लंडमधील अल्स्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये अशी पाच द्रव्ये एकाच वेळी मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. ॲस्पार्टेमचे पचनात अमिनो आम्ले आणि मिथेनॉल असे विघटन होते व ते घटक इतर अन्नातूनही मिळतात. म्हणून मूत्रात त्याचा स्वतंत्र माग लागत नाही. तसेच एका नमुन्यावरून केवळ अलीकडचे सेवन कळते. नेहमीची सवय जाणण्यासाठी चोवीस तासांचे मूत्र निरनिराळ्या दिवशी गोळा करावे लागते.

हा खटाटोप कशासाठी? आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने सॅकरीनची दैनिक मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम ठरविली आहे. म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसास ३०० मिलिग्रॅम. ही मर्यादा कोण ओलांडतो, हे सेवन मोजल्याखेरीज कळणार नाही. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा द्रव्यांचा वापर करू नये, अशी सशर्त शिफारस केली. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती लागू नाही. तिच्यामागील दीर्घकालीन पाहण्यांचा आधार बव्हंशी लोकांनी स्वतः दिलेली माहिती हाच होता. ज्याने ही द्रव्ये नकळत घेतली, त्याची गणना न घेणाऱ्यांत झाली, तर लाभ आणि हानी या दोहोंचाही हिशेब चुकतो.

आहाराविषयीचा सल्ला कोट्यवधी लोकांच्या ताटापर्यंत पोहोचतो. तो अंदाजावर नव्हे, तर मोजमापावर उभा असावा, यासाठीच प्रयोगशाळेतील ही परीक्षा मोलाची आहे.